उपभोगाची मर्यादा आणि धम्म : शुमाकर यांच्या 'बौद्ध अर्थशास्त्रा'चे परीक्षण

आधुनिक उपभोगप्रधान संस्कृतीवर टीका करताना तथागत बुद्धाचे नाव घेण्याची प्रथा आता जगभर रूढ झाली आहे. तृष्णा हे दुःखाचे मूळ आहे. आजचा बाजार तृष्णेवर उभा आहे. म्हणून बुद्ध हे या बाजाराला उत्तर आहे, अशी ती मांडणी असते. यातील पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसरेही खोटे नाही. पण ते अपुरे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे ज्यांनी बाबासाहेबांसमवेत धम्माचा स्वीकार केला, त्यांच्या वारसांनी तरी ते तपासून घेतल्यावाचून मान्य करू नये, असे आम्हास वाटते.

या मांडणीला आधुनिक जगात प्रतिष्ठा मिळवून देण्याचे बरेचसे श्रेय ई. एफ. शुमाकर यांच्या 'बौद्ध अर्थशास्त्र' या छोट्याशा निबंधाकडे जाते. शुमाकर (१९११-१९७७) हे जर्मनीत जन्मलेले ब्रिटिश अर्थतज्ज्ञ. ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाचे ते वीस वर्षे आर्थिक सल्लागार होते. १९५५ साली ते सल्लागार म्हणून ब्रह्मदेशात गेले आणि तेथील बौद्ध समाजाच्या निरीक्षणातून त्यांचे हे विचार आकारास आले. निबंध १९६६ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि १९७३ साली 'स्मॉल इज ब्यूटिफुल' या त्यांच्या ग्रंथात समाविष्ट होऊन सर्वदूर पोहोचला. पर्यावरणाची चर्चा आज पूर्वीपेक्षा कितीतरी तीव्र झाली असताना या निबंधाचे पुनर्वाचन उपयुक्त ठरेल. शुमाकर यांना खोडून काढणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्यांनी धम्मातील काय उचलले आणि काय मागे ठेवले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

निबंधाचे सामर्थ्य

अष्टांगिक मार्गात 'सम्यक आजीविका' हे एक अंग आहे. त्या अर्थी बौद्ध अर्थशास्त्र असे काही असलेच पाहिजे, येथून शुमाकर प्रारंभ करतात. प्रचलित अर्थशास्त्र श्रमाला केवळ खर्चाची बाब मानते. धम्माच्या दृष्टीने मात्र श्रमाची तीन प्रयोजने आहेत, असे ते म्हणतात : माणसाच्या अंगच्या गुणांचा विकास व्हावा, इतरांसमवेत काम करून त्याचा अहंभाव कमी व्हावा, आणि जीवनास आवश्यक त्या वस्तू निर्माण व्हाव्यात. जो अधिक वस्तू वापरतो तो अधिक सुखी, हे प्रचलित अर्थशास्त्राचे गृहीतक ते नाकारतात. कमीत कमी उपभोगातून अधिकात अधिक कल्याण साधणे ही त्यांच्या मते बौद्ध कसोटी होय.

निबंधाचा सर्वांत मोलाचा भाग इंधनाविषयीचा आहे. कोळसा व खनिज तेल ही निसर्गाची साठविलेली ठेव आहे. लाकूड व जलशक्ती हे त्याचे चालू उत्पन्न आहे. ठेव मोडून खाणे आणि त्यास उत्पन्न समजणे हा निसर्गावरील अत्याचार आहे, असे एका कोळसा मंडळाच्या सल्लागाराने लिहावे, यात बौद्धिक प्रामाणिकपणा दिसतो. त्या काळी त्यांची चिंता मुख्यतः ही ठेव संपून जाण्याची होती. आज आपणास ठाऊक आहे की ती संपण्यापूर्वीच तिच्या धुराने पृथ्वीचे तापमान वाढविले आहे. या बाबतीत काळाने शुमाकर यांनाच दुजोरा दिला आहे.

अवजार कोणाच्या हाती?

तथापि निबंधाचा पाया जेथे आहे तेथेच त्याचा दोषही आहे. शुमाकर यंत्राचे दोन प्रकार मानतात. माणसाचे कौशल्य वाढविणारे ते अवजार. माणसाचे काम हिरावून त्यालाच आपला दास करणारे ते यंत्र. हा भेद ते आनंद कुमारस्वामी यांच्याकडून घेतात आणि त्यासाठी गालिचा विणण्याच्या हातमागाचे व यंत्रमागाचे उदाहरण देतात. हातमाग हे अवजार आहे, कारण तो विणकराच्या बोटांचा सहायक आहे.

भेद आकर्षक आहे. परंतु मागावर कोण बसला आहे, आणि तो तेथे स्वेच्छेने बसला आहे की जन्माने बसविला गेला आहे, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही. मिर्झापूर-भदोही पट्ट्यातील गालिच्यांच्या मागांवर लहान मुलांची बोटे राबविली जात होती, हे १९८० नंतरच्या काळात जगापुढे आले. माग तोच होता, अवजारच होते. आपल्या अनुभवातील उदाहरण तर याहून बोलके आहे. झाडू हे अवजार आहे. पाटी हे अवजार आहे. गटारात उतरणाऱ्याच्या हातातील दोर आणि बादली हीदेखील अवजारेच आहेत. ती लहान आहेत, स्थानिक आहेत, स्वस्त आहेत, त्यांना इंधन लागत नाही. शुमाकर यांच्या बहुतेक कसोट्यांना ती उतरतात. आणि तरीही त्या अवजारांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसाचे माणूसपण हिरावून घेतले. तेथे माणसाला दास्यातून सोडविणारी वस्तू यंत्रच आहे.

शुमाकर यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की त्याच ग्रंथात त्यांनी मध्यम प्रतीच्या तंत्रज्ञानाचा पुरस्कार केला आहे. ते जुन्या अवजारांचे आंधळे भक्त नव्हते. परंतु श्रमाची प्रतिष्ठा आणि श्रमाची जातिबद्ध सक्ती यांतील अंतर त्यांच्या दृष्टीस पडले नाही. ब्रह्मदेशातून पाहणाऱ्या माणसास ते न दिसणे एक वेळ समजू शकते. भारतात तो निबंध डोक्यावर घेणाऱ्यांना ते न दिसावे, हे मात्र समजण्यापलीकडचे आहे.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार शुमाकर यांच्या कितीतरी आधी केला होता. १९४५ साली काँग्रेस व गांधीजी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधी विचाराची परखड चिकित्सा केली आहे. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : पशूच्या पातळीवरील कष्टांतून सुटका होऊन माणसाला संस्कृतीसाठी उसंत मिळावयाची असेल तर यंत्र अपरिहार्य आहे. यंत्रापासून अनर्थ होत असेल तर दोष यंत्राचा नसून खासगी मालकी व वैयक्तिक लाभ यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. तेव्हा यंत्राचा धिक्कार करण्याऐवजी त्याचा लाभ सर्वांना मिळेल अशी समाजरचना केली पाहिजे. त्याही आधी, १९१८ साली, भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी दाखवून दिले होते की धारण क्षेत्र लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही. भांडवल व श्रम यांच्याशी असलेल्या त्याच्या प्रमाणावरून ठरते. 'लहान ते सुंदर' या घोषणेला हे आगाऊ दिलेले उत्तरच म्हणावे लागेल. लहानपणात मुळातच काही सौंदर्य नाही. प्रमाण हे तत्त्व आहे, आणि तेच मध्यममार्गाचे तत्त्व आहे.

स्त्रियांविषयीचे शुमाकर यांचे विधान तर आजच्या वाचकाला थबकविणारे आहे. स्त्रियांना सामान्यतः घराबाहेरील नोकरीची गरज नसते. कार्यालये व कारखाने यांत त्या मोठ्या संख्येने काम करू लागल्या तर ते आर्थिक अपयशाचे लक्षण समजावे, असे ते बौद्ध अर्थशास्त्राच्या नावाने सांगतात. ज्या धम्माने भिक्खुणी संघ स्थापन केला, त्याच्या नावावर हे मत घालण्यास कोणता आधार आहे? आपल्या माता-भगिनी शेतात, गिरणीत, खाणीत, रस्त्यावर राबतच होत्या. त्या घरी बसाव्यात असा उपाय बाबासाहेबांनी सुचविला नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूतिरजेच्या विधेयकाचा पाठपुरावा केला. पुढे ते मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचा आठवडा ४८ तासांचा झाला. श्रम मानवी व्हावेत हे शुमाकर यांचेही ध्येय होते. बाबासाहेबांनी त्याला कायद्याचे रूप दिले.

त्याग आणि वंचितता

उपभोग कमी करा, हा उपदेश ऐकताना पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की तो कोणाला उद्देशून आहे? आपल्या देशात उपभोगाची मर्यादा ही कधीच केवळ नीतीची बाब नव्हती. ती जातीची आज्ञा होती. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याची उदाहरणे नोंदविली आहेत. इंदूर संस्थानातील बलाई समाजाच्या पुरुषांनी जरीकाठी पागोटे घालू नये, रंगीत किनारीचे धोतर नेसू नये, स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत, असे फर्मान सवर्णांनी काढले. अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावी १९३५ साली अस्पृश्य स्त्रियांनी पाणी आणण्यासाठी धातूची भांडी वापरली म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. जयपूर संस्थानातील चकवारा येथे १९३६ साली अस्पृश्यांनी आपल्याच जातभाईंना तुपातले जेवण वाढले म्हणून लाठ्या चालल्या.

घागर, तूप आणि धोतराची किनार. यांतील एकही वस्तू चैनीची नव्हती. ज्यांना त्या वापरण्याची बंदी होती त्यांच्यासाठी त्या वापरणे हा तृष्णेचा नव्हे, स्वाभिमानाचा व्यवहार होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास आणि जातीची खूण बनलेले दागिन्यांचे ओझे टाकून देण्यास सांगितले. त्या एकाच उपदेशात उपभोगाचा स्वीकारही आहे आणि त्यागही आहे. कसोटी वस्तूच्या किमतीची नाही. ती वस्तू माणसाला उंचावते की बांधून ठेवते, याची आहे.

हाच विचार बाबासाहेबांनी १९५० साली 'महाबोधि' मासिकातील लेखात सूत्ररूपाने मांडला. धर्माने दारिद्र्याला पवित्र मानता कामा नये, असे त्यांनी तेथे म्हटले आहे. ज्याच्याजवळ संपत्ती आहे त्याने तिचा त्याग करणे ही स्पृहणीय अवस्था असू शकेल. दारिद्र्य कदापि नाही. तथागतांनी पहिल्या प्रवचनात दोन टोके वर्ज्य सांगितली : कामसुखात बुडणे आणि देहाला क्लेश देणे. परंतु ज्याला उपाशी ठेवले गेले त्याने देहदंडाचे टोक निवडलेले नसते. त्याला मध्यममार्गावर येण्यासाठी काही सोडावयाचे नसते; त्याला काही मिळावयाचे असते. शुमाकर यांचा निबंध सोडावयाचे काय ते उत्तम सांगतो. मिळावयाचे कोणाला, यावर मात्र तो मौन पाळतो.

सुत्ते काय सांगतात?

शुमाकर यांनी निबंधात बौद्ध वाङ्मयाचा प्रत्यक्ष आधार फारच थोडा घेतला आहे. त्याच ग्रंथात ते मोकळेपणाने सांगतात की बौद्ध धर्माची निवड केवळ प्रासंगिक आहे. ख्रिस्ती, इस्लाम वा यहुदी शिकवणही त्या कामी चालली असती. याचा परिणाम तपशिलांत दिसतो. न कापलेले वस्त्र कौशल्याने नेसणे हा वस्त्राच्या बौद्ध वापराचा नमुना, असे ते सुचवितात. विनयात मात्र भिक्खूचे चीवर कापून, तुकडे जोडून शिवलेले असावे असा दंडक आहे. मगधातील बांध घातलेली भातखाचरे पाहून आनंदाने त्या नमुन्यावर चीवराची रचना केली, अशी कथा महावग्गात येते. चीवराचे सौंदर्य जोडकामाचे आहे, आणि त्याचा नमुना शेतकऱ्याच्या श्रमातून आलेला आहे.

वस्त्राच्या वापराविषयी याहून बोधप्रद प्रसंग चुल्लवग्गात आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण काय करणार, दुकान मांडणार काय, असा राजाला संशय आला. आनंदाने उत्तर दिले : ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना ती वाटू. जुन्या चीवरांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरील अंथरुणे, अंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी करू. आणि तीही जीर्ण झाली म्हणजे त्यांच्या चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवू. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. या कथेत टाकून देण्याजोगे काहीच उरत नाही. पण प्रारंभ कशाने होतो हेही पाहावे. ज्याचे चीवर फाटले आहे त्याला ते प्रथम मिळते, मग काटकसर. आधी वाटप, मग मितव्यय, हा क्रम महत्त्वाचा आहे.

गृहस्थांसाठी अंगुत्तर निकायातील व्यग्घपज्ज सुत्त आहे. मिळकत आणि खर्च यांचा तोल राखणे, ही 'समजीविता', तथागतांनी तेथे सांगितली आहे. मिळकत थोडी असून उधळपट्टी करणारा हा उंबर खाणारासारखा होय. अट्ठकथेतील खुलाशाप्रमाणे तो झाड हलवितो, ढीगभर उंबरे पाडतो, थोडी खातो आणि उरलेली तशीच टाकून जातो. उलट, मोठी मिळकत असून हलाखीत राहणारा उपाशी मरणारासारखा होय. आजच्या उपभोगप्रधान संस्कृतीचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण आहे. खाल्लेल्या फळापेक्षा पाडलेले फळ अधिक, हीच तिची ओळख.

परंतु हे सुत्त ज्याला झाडापर्यंत जाता येते त्याला उद्देशून आहे. ज्याला झाडाजवळ येऊच दिले नाही त्याचे काय? त्याचे उत्तर दीघ निकायात आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या वाढते. कूटदंत सुत्तात पुरोहित राजाला सांगतो की शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, चाकराला वेतन द्यावे. आणि याच सुत्तात, राजाच्या त्या आदर्श यज्ञाचे वर्णन करताना, आमच्या मते बौद्ध पर्यावरणनीतीचा गाभा येतो. त्या यज्ञात पशू मारले गेले नाहीत, यूपासाठी वृक्ष तोडले गेले नाहीत, दर्भ कापले गेले नाहीत; आणि जे दास व कामकरी होते त्यांनीही दंडाच्या भयाने, अश्रू ढाळीत काम केले नाही. ज्यांना इच्छा होती त्यांनी केले, ज्यांना नव्हती त्यांनी केले नाही.

वृक्ष आणि सेवक येथे एकाच वर्णनात आले आहेत. दोघांवरील हिंसा ही एकच हिंसा आहे. शुमाकर यांना वृक्ष दिसला. बुद्धाच्या अनुयायाने दर काही वर्षांनी झाड लावावे, असे ते आवर्जून लिहितात. संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात वने-उपवने लावणाऱ्यांचा गौरव आहेच. पण त्याच सुत्तात पूल बांधणारे, पाणपोई व विहीर देणारे, निवारा उभारणारे हेही आहेत. झाडाची सावली आणि विहिरीचे पाणी ही सर्वांची असली पाहिजेत. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली ज्यांना सत्याग्रह करावा लागला त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

आपल्या दारातील प्रश्न

येथपर्यंतचे विवेचन आपणास सुखावणारे आहे. म्हणूनच येथे थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शुमाकर यांनी वृक्ष पाहिला व सेवक विसरला, असा आक्षेप आपण घेतो. सेवकाच्या बाजूने बोलणारे आपण वृक्ष विसरत तर नाही ना?

शिक्षण व नोकऱ्या यांमुळे आपल्यातील एक वर्ग आज मिळकतीच्या झाडापर्यंत पोहोचला आहे. बौद्ध विवाहविधी साधा आहे. त्रिशरण, पंचशील आणि प्रतिज्ञा यांपलीकडे त्याला काही लागत नाही. पण त्या साध्या विधीभोवती मंडप, वाजंत्री, मानपान आणि हुंडा यांचा जो डोलारा उभा राहतो, तो कर्ज काढून उभा राहतो. काल जी वस्तू वापरण्याची बंदी होती ती आज वापरणे हा स्वाभिमान होय, हे आम्ही वर म्हटलेच आहे. पण शेजाऱ्याने घेतली म्हणून घेणे, हप्त्यावर घेणे आणि वर्षभरात टाकून देणे, यात स्वाभिमान कोठे आहे? ती उंबर हलविण्याचीच रीत आहे. अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत 'अनणसुख', म्हणजे कोणाचे ऋण नसण्याचे सुख, स्वतंत्रपणे मोजले आहे, हे विसरता येत नाही.

आणि आपण टाकून दिलेल्या वस्तू जातात कोठे? मुंबईतील देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये ती पेटली तेव्हा धुराने सारे शहर काळवंडले. पण तो धूर आधी शेजारच्या झोपड्यांत शिरला. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या तिच्या सभासदांत दलित स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. तरीही गटारांतील मृत्यू थांबले नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. उपभोगाची एक बाजू बाजारात दिसते. दुसरी कचऱ्याच्या ढिगावर दिसते, आणि तेथे उभी असलेली माणसे बहुधा आपलीच असतात. म्हणून कमी टाकणे ही आपल्यासाठी परदेशातून आलेली चळवळ नाही. ती आपल्याच माणसांविषयीची करुणा आहे.

दीक्षाभूमीवर व चैत्यभूमीवर लक्षावधी लोक येतात आणि पुस्तके विकत घेतात. पोट मारून पुस्तक घेणारा हा उपभोक्ता बाबासाहेबांनी घडविला, आणि उपभोगाचे हे रूप जगाला दाखविण्यासारखे आहे. पण त्याच मैदानावर मागे उरणाऱ्या पत्रावळी, प्लास्टिकचे पेले व पिशव्या दुसऱ्या पहाटे कोणीतरी वाकून उचलतो. हिरव्या गवतावर वा पाण्यात थुंकू नये, एवढी बारीक दखल विनयातील सेखिय नियमांनी घेतली आहे. ज्या धम्माने गवताची दखल घेतली त्याच्या अनुयायांनी झाडूवाल्याच्या पाठीची दखल घेऊ नये काय?

शुमाकर यांचा निबंध आपण अवश्य वाचावा. तृष्णेवर उभ्या असलेल्या अर्थव्यवस्थेचे निदान त्यात अचूक आहे. त्यातील उपाय मात्र अर्धा आहे, कारण जे टोकाला आहेत त्यांनाच तो दिसतो आणि ज्यांना टोकाला ढकलले त्यांना तो दिसत नाही. पूर्ण उपाय कूटदंत सुत्तात आहे आणि बाबासाहेबांच्या समाजविचारात आहे. कोणतीही वस्तू घेताना वा टाकताना दोनच प्रश्न विचारावेत : यासाठी कोणते झाड तोडले गेले? आणि यासाठी कोणी रडत काम केले? पहिला प्रश्न विचारून दुसरा टाळणे ही श्रीमंतांची पर्यावरणनिष्ठा होय. दुसरा विचारून पहिला टाळणे ही आपली चूक होय. दोन्ही प्रश्न एकत्र विचारणे, हाच या बाबतीत धम्म होय.